पेठेतल्या दुकानदारांना स्वतःवर अधिभार लावण्याचा अधिकार द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

29 सप्टेंबर 2024 रोजी पुणे मेट्रोचा जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि मंडईचे स्थानक जुन्या बाजाराच्या अगदी पोटात उघडले. तेव्हापासून लक्ष्मी रस्ता, तुळशीबाग, रविवार पेठ या भागांतील दुकानदारांच्या बोलण्यात एकच विषय आहे, तो म्हणजे मेट्रोने गिऱ्हाईक आपल्याकडे येईल की पेठेतले होते तेही दूरच्या मॉलकडे जाईल. आपल्या वृत्तपत्रातही या विषयावर दोन्ही बाजूंची पत्रे वाचली. मी लक्ष्मी रस्त्यालगतच्या एका गल्लीत सेहेचाळीस वर्षे कापडाचे दुकान चालवले आणि आता मुलाच्या हाती सोपवले आहे. मुलगी कॅनडात टोरोंटो शहरात राहत असल्यामुळे दोन उन्हाळे तिथे राहण्याचा योग आला. तिच्या घराजवळच्या बाजाराने साठ वर्षांपूर्वी हाच प्रश्न सोसला होता आणि त्यावर दुकानदारांनी स्वतःवरच अधिभार, म्हणजे नेहमीच्या कराबरोबर एक जादा रक्कम, लावून घेण्याचे जे उत्तर शोधले, ते पुढे जगातल्या अनेक शहरांनी उचलले. तो इतिहास आपल्या वाचकांपुढे, विशेषतः माझ्या व्यापारी बांधवांपुढे आणि महापालिकेच्या कारभाऱ्यांपुढे यावा, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

टोरोंटोच्या पश्चिम भागात ब्लोर नावाचा एक लांबलचक रस्ता आहे. त्याच्या रनिमीड आणि जेन या दोन आडव्या रस्त्यांमधल्या भागात दुतर्फा दुमजली, तिमजली इमारती असून खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी त्यांची रचना आहे. आपल्या पेठेतल्या माणसाला ती परकी वाटणार नाही. या रस्त्यावरून पूर्वी ट्रॅम धावत असे. ट्रॅममधून उतरून पुढची बस पकडणारा प्रवासी दोन-चार दुकानांसमोरून चालत जाई, पाव घेई, चपलेला टाच मारून घेई, काचेआडचा कोट पाहून ठेवी आणि पगार झाला की तो घ्यायला परत येई. दुकानदाराला जाहिरातीची गरज नव्हती, कारण रस्त्यावरची ये-जा हीच त्याची जाहिरात होती. 26 फेब्रुवारी 1966 रोजी ब्लोरच्या मार्गाने भुयारी रेल्वे सुरू झाली आणि 11 मे 1968 रोजी ती पश्चिमेकडे वाढून रनिमीड व जेन ही स्थानके उघडली. ट्रॅम बंद झाली. कालपर्यंत दुकानासमोरून जाणारा माणूस आता जमिनीखालून जाऊ लागला आणि बससुद्धा त्याला स्थानकाच्या आवारातच मिळू लागली. त्याआधी 1964 मध्ये शहराच्या उत्तरेला यॉर्कडेल हा प्रचंड मॉल उघडला होता. तो त्या वेळी कॅनडातला सर्वांत मोठा मॉल होता. गाडी उभी करायला ऐसपैस जागा, वरून छप्पर, हिवाळ्यात ऊब आणि सगळी दुकाने एका मालकाच्या शिस्तीत चालणारी. कॅनडाच्या हिवाळ्यात उघड्या पदपथावरच्या बाजाराला हे किती जड गेले असेल, ते दुकानदाराला वेगळे सांगावे लागत नाही.

त्या रस्त्यावर व्यापाऱ्यांची संघटना होतीच. आपल्याकडे प्रत्येक पेठेत व्यापारी संघ असतो, तशीच ती होती. सभासद स्वखुशीने वर्गणी देत, सणाला रोषणाई होई, कधी एकत्र जाहिरात दिली जाई. पण सगळ्यांच्या अनुभवाचे दुखणे तिथेही होते. रोषणाईचा उजेड वर्गणी देणाऱ्याच्या दारात पडतो तसाच न देणाऱ्याच्याही दारात पडतो. दरवर्षी तेच दहा-वीस जण पुढे होऊन पैसे भरतात आणि दरवर्षी त्यांतला एखादा कंटाळून मागे सरतो.

या दुखण्याबद्दल मी स्वतःच्या अनुभवाने बोलू शकतो. आमच्या गल्लीतल्या संघाचा खजिनदार म्हणून मी सहा वर्षे पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरलो. एकदा आम्ही गल्लीच्या दोन्ही टोकांना कचऱ्याचे डबे, चार बाके आणि एक पाण्याची टाकी बसवली. तिसऱ्या वर्षी बाके मोडली, टाकीचा नळ कोणी काढून नेला आणि दुरुस्तीसाठी वर्गणी मागायला गेलो तेव्हा निम्म्या दुकानांनी 'पुढच्या महिन्यात बघू' असे सांगितले. ती माणसे वाईट नव्हती. त्यांच्यात माझे सख्खे शेजारी होते, माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढणारे होते. पण शेजारचा देत नाही तर मी एकट्याने का द्यावे, हा प्रश्न दुकानदाराच्या मनात येतोच आणि त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. टाकी अजून तिथे आहे, कोरडी.

ब्लोर रस्त्यावरच्या दुकानदारांनी त्या प्रश्नाचे उत्तर शोधले, हे त्यांचे मोठेपण. त्यांच्यात नील मॅक्लेलन हे पुढारी होते आणि अ‍ॅलेक्स लिंग हे आयात वस्तूंचे दुकानदार होते. लिंग यांनी पुढे अनेक वर्षे या कामाची धुरा वाहिली आणि त्यांच्या नावाचे कारंजे आज त्याच रस्त्यावर आहे. या मंडळींनी महापालिकेकडे सवलत किंवा अनुदान मागितले नाही. त्यांनी असे मागितले की, आमच्या या हद्दीतल्या प्रत्येक व्यवसायावर तुम्हीच एक वेगळा अधिभार लावा, तो नेहमीच्या कराबरोबर तुम्हीच वसूल करा, पण त्यातली पै न् पै आमच्या हद्दीत, आम्ही ठरवू त्या कामांवर खर्च करण्यासाठी आमच्या मंडळाच्या हाती द्या. स्वतःवरचा कर वाढवून मागणारे व्यापारी पाहून तिथल्या अधिकाऱ्यांना काय वाटले असेल, याची कल्पना मी अनेकदा केली आहे.

महापालिकेला असा अधिकार नव्हता. म्हणून प्रकरण ऑन्टारिओ प्रांताच्या विधिमंडळाकडे गेले आणि डिसेंबर 1969 मध्ये तिथल्या महापालिका कायद्यात त्यासाठी दुरुस्ती झाली. मे 1970 मध्ये टोरोंटो महापालिकेने उपविधी संमत करून 'ब्लोर-जेन-रनिमीड सुधारणा क्षेत्र' स्थापन केले. या प्रकारचे हे जगातले पहिले क्षेत्र मानले जाते. पहिल्या वर्षाचा अर्थसंकल्प 47,500 डॉलरचा होता. त्या पैशांतून पदपथावर फुलझाडांच्या कुंड्या आल्या, बाके आली, झाडांवर दिव्यांच्या माळा चढल्या, सणासुदीची सजावट झाली आणि संपूर्ण रस्त्याची मिळून एक जाहिरात होऊ लागली. पुढे त्या भागाला 'ब्लोर वेस्ट व्हिलेज' हे नाव रुळले. मोठ्या शहरातल्या एका रस्त्याला गावपण देणारे ते नाव दुकानदारांच्या संघटनेने पुढे आणले आणि आज नकाशांत व घरांच्या जाहिरातींत तेच वापरले जाते.

या यादीत कुठेही भव्य प्रकल्प नाही, याकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. कुंडी, बाक आणि दिवा या गोष्टी पेठेतला कोणताही संघ एका वर्षाच्या उत्साहात बसवू शकतो आणि आम्हीही तेच केले होते. फरक दुसऱ्या, पाचव्या आणि विसाव्या वर्षी पडतो. सुकलेले झाड बदलायला, मोडलेल्या बाकाची फळी बसवायला, जळालेला दिवा काढायला दरवर्षी ठरलेल्या तारखेला पैसा हातात येतो, त्यासाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही, आणि त्या भरवशावर मंडळ पाच वर्षांपुढचा विचार करू शकते. मॉलच्या मालकाला भाडेकरूंकडून देखभालीचा खर्च घेता येतो म्हणून मॉल नीटनेटका राहतो. शंभर मालकांच्या रस्त्याला तीच सोय कायद्याने मिळवून देणे, एवढाच या युक्तीचा गाभा आहे.

ही व्यवस्था प्रत्यक्षात कशी चालते हे तिथे एका बेकरीच्या वृद्ध मालकाने मला समजावून सांगितले. त्या रस्त्यावर युक्रेनी आणि पूर्व युरोपीय लोकांच्या बेकऱ्या व खाण्याच्या दुकानांची जुनी परंपरा आहे आणि तिथे भरणारा युक्रेनी महोत्सव पाहायला दुरून माणसे येतात. त्या गृहस्थांनी कराच्या बिलावरची या अधिभाराची वेगळी ओळ मला बोटाने दाखवली. हद्दीतले सभासद वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेत जमतात आणि येत्या वर्षी कोणती कामे करायची, त्यांना किती पैसे लागतील हे ठरवतात. त्या अर्थसंकल्पाला महापालिकेची मंजुरी घ्यावी लागते. मंजूर झालेली रक्कम हद्दीतल्या व्यापारी मिळकतींवर करपात्र मूल्याच्या प्रमाणात वाटली जाते, त्यामुळे मोठ्या मिळकतीवर जास्त आणि छोट्या टपरीवजा दुकानावर थोडा बोजा येतो. व्यवस्थापन मंडळात सभासदांनी निवडलेले दुकानदार असतात, त्यांची नेमणूक महापालिका करते आणि तिथला नगरसेवकही त्या मंडळावर बसतो. हिशेब तपासले जातात. पदपथ, दिवे, झाडे अशा टिकाऊ कामांचा निम्मा खर्च टोरोंटो महापालिका स्वतःच्या तिजोरीतून उचलते.

ऑन्टारिओच्या महापालिका कायद्यानुसार नवे क्षेत्र स्थापन करताना प्रत्येक संबंधिताला सूचना जाते. ज्यांना सूचना मिळाली त्यांपैकी किमान एक तृतीयांश लोकांनी हरकत घेतली आणि त्या हरकतदारांकडे कराचा किमान एक तृतीयांश वाटा असला, तर क्षेत्र स्थापन होत नाही. इंग्लंडने 2003 मध्ये कायदा करताना याहून कडक अट घातली. तिथे मतदान होते, डोक्यांच्या हिशेबाने आणि करपात्र मूल्याच्या हिशेबाने असे दोन्ही प्रकारे बहुमत लागते आणि जास्तीत जास्त पाच वर्षांनी पुन्हा मतदानाला सामोरे जावे लागते. तिथले पहिले क्षेत्र 2005 मध्ये लंडनच्या नैऋत्य भागातल्या किंग्स्टन-अपॉन-टेम्स या बाजारपेठेत सुरू झाले. माझ्या मते आपल्याकडे इंग्लंडचीच अट योग्य ठरेल, कारण गप्प बसलेल्याची संमती गृहीत धरण्यापेक्षा त्याला मतपेटीपर्यंत आणणे पेठेच्या एकोप्यासाठी बरे.

ब्लोर रस्त्यावरच्या या प्रयोगानंतर टोरोंटो शहरात अशी ऐंशीहून अधिक क्षेत्रे झाली आणि ऑन्टारिओ प्रांतात तीनशेहून अधिक. सत्तरच्या दशकातच अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सने ही पद्धत घेतली आणि नंतर दक्षिण आफ्रिका, जर्मनी, ब्रिटन येथेही ती पोचली. टोरोंटोतच जेरार्ड रस्त्यावर आपल्या भारतीय लोकांचा बाजार आहे. 1972 मध्ये तिथे नाझ नावाचे हिंदी चित्रपटांचे थिएटर सुरू झाले आणि त्याच्या आसपास साड्यांची, मिठाईची, किराणा मालाची दुकाने वाढत गेली. पूर्वी मराठी कुटुंबे भाकरीच्या पिठासाठी आणि हळदी-कुंकवासाठी तिथेच जात, असे मुलीच्या सासूबाई सांगतात. त्या बाजाराचेही पुढे असेच क्षेत्र झाले. आपल्याच देशातून गेलेला दुकानदार तिथे हा अधिभार भरतो, सभेला जातो, मत देतो. तेव्हा 'आपल्या लोकांना हे जमणार नाही' हा आक्षेप मला मान्य नाही.

या कामाची आवड आपल्या मातीतही आहे, त्याचे उदाहरण मुंबईत आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून हुतात्मा चौकापर्यंतचा दादाभाई नौरोजी रस्ता म्हणजे पूर्वीचा हॉर्नबी रोड. 1860 च्या दशकात किल्ल्याच्या भिंती पाडल्यावर तो रुंद झाला आणि 1896 च्या नियमानुसार तिथल्या इमारतींना तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा सलग व्हरांडा ठेवणे बंधनकारक झाले. इमारती वेगवेगळ्या मालकांच्या आणि वेगवेगळ्या शैलींच्या, पण खालून चालणाऱ्याला ऊन-पावसापासून एकसारखी सावली, अशी ती देखणी रचना आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्या कमानी मोठमोठ्या पाट्यांनी, लटकत्या तारांनी आणि वातानुकूलन यंत्रांनी झाकून गेल्या होत्या. 1998 च्या सुमारास वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांनी त्या रस्त्याचा अभ्यास करून पाट्या कुठे, केवढ्या आणि कशा असाव्यात याची मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. तिथल्या दुकानदारांनी आणि भाडेकरूंनी 'हेरिटेज माइल असोसिएशन' ही संघटना उभी केली आणि कितीतरी दुकानदारांनी आपापल्या पाट्या कमानींवरून काढून आत घेतल्या. युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत 2004 साली या कामाचा गौरव झाला. दुकानाची पाटी ही दुकानदाराला देवघरातल्या तसबिरीइतकी प्रिय असते. ती लहान करून मागे घेणे म्हणजे काय, हे ज्याने दुकान चालवले आहे त्यालाच कळेल, आणि म्हणून त्या दुकानदारांबद्दल मला फार आदर वाटतो. मात्र त्यांच्याकडेही होती ती केवळ सद्भावना आणि मिळेल तेवढी देणगी. दरवर्षी नेमाने येणारा आणि सर्वांकडून येणारा पैसा कायद्याने त्यांना मिळू शकत नव्हता, कारण तशी तरतूदच आपल्याकडे नाही.

पुण्यात 2021 पासून महापालिका 11 डिसेंबरला पादचारी दिन पाळते आणि त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद असतो. त्या दिवशी लहान मुले रस्त्याच्या मधोमध धावतात, म्हातारी माणसे खुर्ची टाकून बसतात आणि वर्षानुवर्षे न दिसलेले जुने वाडे व सज्जे मान वर करून पाहता येतात. आमच्यापैकी अनेक व्यापाऱ्यांनी सुरुवातीला त्याला विरोध केला, धंदा बुडेल असे म्हटले, आणि त्यात मीही होतो. आज मला वाटते की, एका दिवसाच्या त्या अनुभवाचे रूपांतर बाकीच्या 364 दिवसांच्या व्यवस्थेत करायचे असेल, तर ते महापालिकेच्या एखाद्या खात्याने ठरवून होणार नाही. माल उतरवण्याची वेळ कोणती असावी, वयस्कर गिऱ्हाइकांसाठी छोटी विजेची गाडी ठेवावी का, महिलांसाठी स्वच्छतागृह कोणत्या गल्लीत असावे आणि ते रात्री नऊपर्यंत स्वच्छ कोणी ठेवावे, मंडई स्थानकातून बाहेर पडणाऱ्याला तुळशीबागेची आणि लक्ष्मी रस्त्याची वाट दाखवणाऱ्या पाट्या कुठे असाव्यात, ही कामे तिथे रोज शटर उघडणाऱ्याच्या जाणकारीची आहेत. स्वच्छतागृहाचा उल्लेख मी मुद्दाम केला. लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या कुटुंबातल्या बायका माझ्या दुकानात चार-चार तास बसत आणि त्यांना मी कुठे पाठवू शकत नसे. ती लाज मी सेहेचाळीस वर्षे बाळगली आहे.

ब्लोर रस्त्याच्या इतिहासातला आणखी एक तपशील पुण्याला उपयोगी पडेल. तिथली भुयारी रेल्वे मुख्य रस्त्याच्या बरोबर खालून नेण्याऐवजी थोडी उत्तरेकडून, दुकानांच्या मागच्या बाजूने नेली. त्यासाठी जी घरे पाडावी लागली, त्यांच्या जागी मोकळी राहिलेली जमिनीची पट्टी पुढे बऱ्याच ठिकाणी महापालिकेच्या वाहनतळांसाठी वापरली गेली. म्हणजे ज्या रेल्वेने गिऱ्हाईक नेले, तिच्याच माथ्यावर गिऱ्हाइकाची गाडी उभी करण्याची सोय झाली आणि दुकानांचा दर्शनी भाग चालणाऱ्यांसाठी मोकळा राहिला. पुण्यात जमिनीवर इतकी जागा नाही, हे खरे. परंतु मंडईच्या परिसरात महापालिकेची वाहनतळे आहेत आणि त्यांचा व लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानांचा परस्पर संबंध लावण्याचे काम आजवर कोणीही केलेले नाही, कारण ते कोणाचेच काम नाही.

या पद्धतीतले दोष लपवून मला तिची भलामण करायची नाही. रस्ता सुधारला की भाडे वाढते आणि ज्याने अधिभार भरून रस्ता सुधारला तोच छोटा भाडेकरू वाढत्या भाड्याने बाहेर फेकला जाण्याची भीती असते. ऑन्टारिओत 1998 मध्ये व्यवसायावरचा जुना कर रद्द झाल्यानंतर हा अधिभार मिळकतीवर बसू लागला आणि करारातील अटींमुळे तो बहुतेक वेळा भाडेकरूच्याच खिशातून जातो. आपल्या पेठांत पागडीची जुनी दुकाने आहेत, पोटभाडेकरू आहेत, भावाभावांत वाटणी न झालेल्या मिळकती आहेत. इथे अधिभार कोणी भरायचा आणि मत कोणाचे, हे कायद्यात स्वच्छ लिहिल्याशिवाय पहिल्याच वर्षी शंभर दावे न्यायालयात जातील. माझे स्पष्ट मत असे आहे की, जो प्रत्यक्ष दुकान चालवतो त्याचे मत मालकाइतकेच मोजले गेले पाहिजे. मोठ्या सराफी पेढ्यांनी जास्त अधिभार भरला तरी मंडळातल्या निम्म्या जागा लहान दुकानांसाठी राखून ठेवाव्यात, अन्यथा बाक कोणाच्या दारात बसवायचे हेसुद्धा दोन-तीन घराणी ठरवू लागतील.

दुसरी भीती फेरीवाल्यांची आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. अमेरिकेत आणि दक्षिण आफ्रिकेत अशा क्षेत्रांनी खासगी सुरक्षारक्षक नेमून गरिबांना आणि पथारीवाल्यांना हुसकावल्याच्या तक्रारी झाल्या आहेत. 'सुशोभीकरण' या शब्दाचा अर्थ गरिबाची पाटी उचलणे असा होऊ नये. तुळशीबागेतून पथारीवाले काढले तर तुळशीबाग उरत नाही. माझ्या दुकानात साडी घेणारी बाई आधी बाहेरच्या पथारीवरून बांगड्या आणि केसांच्या पिना घेत असे आणि तिथल्या गर्दीमुळेच ती माझ्या दारापर्यंत येत असे. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी पथविक्रेत्यांमधून निवडलेले असणे बंधनकारक केले आहे. बाजाराच्या व्यवस्थापन मंडळातही त्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी मताच्या अधिकारासह असावेत आणि फेरीवाल्यांची जागा ठरवण्याचा किंवा काढून घेण्याचा अधिकार त्या मंडळाला मुळीच नसावा, तो कायद्याने स्थापन केलेल्या समितीकडेच राहावा.

आमचे व्यापारी बांधव कराचे नाव काढताच सावध होतात, हे मी जाणतो. 2013 मध्ये स्थानिक संस्था कराविरुद्ध राज्यभर बाजारपेठा बंद राहिल्या तेव्हा माझेही शटर कित्येक दिवस खाली होते आणि त्याबद्दल मला आजही खंत नाही. त्या वेळी आमचा राग रकमेपेक्षा रीतीवर जास्त होता. नोंदवह्यांची तपासणी, अधिकाऱ्यांच्या भेटी आणि भरलेला पैसा कुठे गेला याचा न लागणारा पत्ता यांना आम्ही विटलो होतो. मी ज्या अधिभाराबद्दल लिहीत आहे, त्यात रक्कम आम्ही ठरवणार, काम आम्ही ठरवणार, हिशेब आमच्याच सभेत वाचला जाणार आणि मुदत संपली की मतदान करून ते सगळे बंद करण्याचाही अधिकार आमच्याकडे राहणार. त्याच वेळी महापालिकेला हे ठणकावून सांगावे लागेल की, पेठेने स्वतः झाडे लावली म्हणून महापालिकेला झाडलोट, पाणी आणि दिवाबत्ती या मूळ कर्तव्यांतून अंग काढून घेता येणार नाही. त्यासाठी क्षेत्र स्थापन होण्यापूर्वी महापालिका तिथे कोणत्या सेवा किती प्रमाणात देते याची लेखी नोंद व्हावी आणि ती पातळी खाली आणण्यास मनाई असावी.

माझी मागणी थोडक्यात अशी आहे. राज्य सरकारने महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम आणि 1965 चा नगरपरिषद अधिनियम या दोन्हींत 'बाजार सुधारणा क्षेत्र' स्थापन करण्याची तरतूद करणारे विधेयक आणावे. नगरपरिषदांचा उल्लेख विशेष करून करतो, कारण वाई, बारामती, पंढरपूर यांसारख्या गावांच्या पेठांनाही ही गरज पुण्याइतकीच आहे. विधेयक येईपर्यंत पुणे महापालिकेने लक्ष्मी रस्त्याचा एक छोटा भाग निवडून तिथल्या सर्व दुकानदारांचे, भाडेकरूंचे आणि पथविक्रेत्यांचे गुप्त मतदान घ्यावे. बहुसंख्यांनी हो म्हटले तर तीन वर्षांसाठी स्वेच्छा वर्गणी आणि महापालिकेचा तेवढाच वाटा अशा तत्त्वावर स्वच्छतागृह, बाके, सावलीची झाडे आणि दिशादर्शक पाट्या एवढीच चार कामे हाती घ्यावीत. स्वेच्छा वर्गणी पुरी पडणार नाही हे मी वर लिहिलेच आहे, पण तीन वर्षांत ती कुठे आणि किती कमी पडते याचा लेखी हिशेब विधिमंडळापुढे ठेवता येईल.

आमच्या संघाची सहा वर्षांची जमाखर्चाची वही अजून माझ्याकडे आहे. कोणत्या वर्षी किती दुकानांनी वर्गणी दिली आणि किती दुकाने गळाली, ते तिच्यात महिन्यावार लिहिलेले आहे. दुकानांची नावे झाकून ती वही महापालिकेच्या किंवा शासनाच्या ज्या अधिकाऱ्यांना या कामासाठी पाहायची असेल, त्यांना दाखवण्यास मी केव्हाही तयार आहे. त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त कापड व्यापारी,
पुणे